तिरपा उजेड

दगडाला भोक पाडायचं नाही.
ही पहिली अट, करारात तीनदा लिहिलेली.
खिळा ठोकायचाच तर सांध्यात,
चुन्यात, आणि तोही असा
की शंभर वर्षांनी कुणी उपटला
तर भिंतीला आठवू नये.

गॉटलंड बेटावर नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच काळोख दाराशी येतो
आणि न विचारता आत येऊन बसतो.
बसू दे, म्हणाली इंगेगेर्द, तोही इथलाच.
एकतीस वर्षं तिच्याकडे या चर्चची किल्ली,
लोखंडी, वीतभर,
एप्रनच्या खिशात गाजराच्या बियांशेजारी.

जुने दिवे माझ्या जन्माआधीचे,
दुधी काचेचे गोळे, आत मेलेल्या माश्या,
आणि एक अखंड घूं घूं,
जिच्यावरून आपण सूर लावतो
असं ऑर्गनवाला टूरे शपथेवर सांगायचा.
ते उतरवले त्या दिवशी
शांतता इतकी परकी वाटली
की टूरे दोनदा उगाच खाकरला.

मी उजेड पाडायला आलेला माणूस.
माझ्याकडे आकडे होते:
कमानीवर इतका, वेदीवर तितका,
म्हाताऱ्या डोळ्यांना पुस्तकातली ओळ लागेल एवढा.
वायरला चुनखडीचा रंग देताना
सात छटा चुकल्या, आठवी जुळली.
दक्षिणेच्या भिंतीवर
लोणी काढणाऱ्या बाया, आणि त्यांच्या मागे
शेपूट सावरत उभा सैतान.
त्याच्यावर किती प्रकाश टाकावा
यावर समिती दोन तास बसली.
शेवटी ठरलं, बायांवर थोडा जास्त.

मग एका गुरुवारी
अब्दिरिझाक, माझा शिकाऊ पोरगा,
कामाचा दिवा जमिनीवर आडवा टाकून
थर्मासमधली कॉफी ओतायला गेला
आणि उत्तरेची कोरी भिंत
उठून बसली.

छिन्नीचा एकेक घाव. चुन्याच्या पोटऱ्या.
कुणाच्या तरी थापीनं घाईत ओढलेला हात.
आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर,
एक जहाज.
डोलकाठी, शीड, वल्ही,
अणकुचीदार कशानं तरी ओरखडलेलं.
एखाद्या पोरानं कोरलं असेल,
नाहीतर गुडघे टेकलेल्या मोठ्या माणसानं.

इंगेगेर्द खाली बसली, सावकाश,
आधी एक गुडघा, मग दुसरा.
ही भिंत मी झाडलीये, म्हणाली,
दर ईस्टरला. दर ईस्टरला.
बोट नेलं जवळ, पण टेकवलं नाही.
अब्दिरिझाकचे वडील बर्बेराला होड्या बांधायचे.
त्यानं वल्ही मोजली आणि म्हणाला,
इकडे सात, तिकडे सहा,
वाकडी जाणार ही.

मी वर जाऊन बटण दाबलं.
माझा सगळा देखणा, मोजलेला,
वरून झरणारा उजेड,
आणि जहाज बुडालं.
बंद केलं, वर आलं.
पुन्हा लावला. पुन्हा बुडालं.
मी हे किती वेळा केलं सांगत नाही.
इंगेगेर्द म्हणाली, पुरे आता, विजेचं बिल आमचं आहे.

नकाशात एक दिवा वाढवला.
पाच वॅटचा, फरशीलगत,
भिंतीला जवळजवळ गाल लावून पाहणारा.
त्याचं बटण वेगळं, दाराआड.
समितीनं खर्च विचारला,
कारण विचारलं नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार.
लोक आले, कोट झटकले, वर पाहिलं,
आणि सगळ्यांच्या तोंडून तो एक आवाज निघाला
ज्यासाठी मी हा धंदा करतो.
टूरेनं सूर लावला, जरा चढाच.
मी दाराकडे पाहत होतो.
इंगेगेर्द बटणाशी उभी,
हात खिशात, किल्लीवर की बियांवर कोण जाणे.
तिनं ते दाबलं नाही.

प्रवचन लांबलं.
मागच्या बाकावरची एक मुलगी,
पाचेक वर्षांची, लोकरी मोजे, कंटाळलेली,
बाकाखालून रांगत उत्तरेकडे निघाली
आणि भिंतीवरून बोट फिरवत,
फिरवत,
एका जागी थांबली.